महापुराआधी आपल्या घराचा आकडा काढा: कृष्णा-पंचगंगाकाठच्या घरांसाठी आणि गल्ल्यांसाठी पूर्वतयारी

कोकणातल्या नद्या काही तासांत चढतात. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीने चिपळूणला रात्रीतूनच गाठलं. सांगली-कोल्हापूरकडचा महापूर तसा नाही. इथे पाणी चढायला बहुतेक वेळा दिवस-दोन दिवस लागतात आणि नदी किती फुटांवर आहे हे दर काही तासांनी जाहीर होत असतं. एवढी सवड मिळूनही ऑगस्ट २०१९ मध्ये हजारो माणसं माडीवर आणि गच्चीवर अडकली. त्याला कारणं बरीच होती, पण घरोघरी ऐकू आलेलं एक वाक्य त्यात मोठं होतं: "२००५ ला आपल्या दारात पाणी नव्हतं."

मागच्या पुराची आठवण हे पूर मोजायचं माप नव्हे. तयारी आकड्यावर करायची. कोणत्या फुटाला काय करायचं हे मे महिन्यातच ठरलेलं असेल, तर जुलैच्या रात्री घरात वाद घालत बसावं लागत नाही.

आपला आकडा कसा काढायचा

सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आहे आणि धोका पातळी ४५ फूट. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. हे आकडे नदीचे आहेत, तुमच्या घराचे नाहीत. कोल्हापुरातल्या सखल सुतारवाड्यातल्या घराला धोका पातळीची वाट बघून चालत नाही, आणि उंचावरच्या वसाहतीत ४३ फुटांना घाबरायचं कारण नसतं. म्हणून प्रत्येक घराने स्वतःचा आकडा काढून ठेवायला हवा.

त्यासाठी गवंड्याकडची लेव्हल पाईप पुरते. तिच्याऐवजी १० ते १५ मीटर लांब, बोटाएवढी जाड पारदर्शक पाईप घेतली तरी चालते. पाईपमध्ये पाणी भरा, चिमूटभर हळद किंवा नीळ टाका म्हणजे पातळी नीट दिसते. आत बुडबुडा राहिला तर मोजमाप चुकतं, म्हणून भरून झाल्यावर पाईपवर टिचक्या मारत सगळी हवा बाहेर काढा. आता गल्लीतली जुन्या पुराची खूण शोधा. ती खांबावर, देवळाच्या भिंतीवर किंवा एखाद्या दुकानाच्या शटरजवळ रंगवलेली असते. खूण नसेल तर दोन-तीन जुन्या शेजाऱ्यांना वेगवेगळं विचारा आणि त्यांनी सांगितलेल्या उंचीतली सगळ्यात वरची धरा. पाईपच्या एका टोकातलं पाणी त्या खुणेशी जुळवायचं. दुसरं टोक तुमच्या दाराशी धरलं की तिथे जी पातळी दिसते, तीच त्या पुराची तुमच्या दारातली उंची. तिथून उंबऱ्यापर्यंतचं अंतर टेपने मोजा. पाईप पुरली नाही तर मध्ये एका भिंतीवर खडूने रेघ मारून टप्प्याटप्प्याने पुढे या.

उदाहरण घ्या. खूण २०१९ ची आहे. त्या वर्षी आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं होतं, हिशोबाला ५७ धरू. खूण तुमच्या उंबऱ्याच्या ४ फूट वर आली, म्हणजे साधारण ५३ फुटांना पाणी घरात शिरतं. यातून आणखी एक फूट वजा करा, कारण पुराचं पाणी परातीतल्या पाण्यासारखं सपाट नसतं. पुलापासून जितकं दूर जाल तितका फरक पडतो. मधल्या वर्षांत कुणी भराव टाकलेला असतो, कुठे रस्ता उंच झालेला असतो. शिवाय पाणी दर वेळी नदीकडूनच येईल असंही नाही. कोल्हापुरात जयंती नाल्यातून ते उलटं शहरात येतं. तर आकडा झाला ५२. कोल्हापूरच्या बाजूला २०२१ ची खूण असेल तर राजाराम बंधाऱ्याचे ५६ फूट धरून हाच हिशोब करा.

बहुतेक जण इथेच थांबतात. पण याहून महत्त्वाचा आकडा दुसरा आहे आणि तो रस्त्याचा. घरापासून उंच जागेपर्यंत जाताना वाटेत सगळ्यात सखल जागा कोणती? कुठे मोरीपूल असतो, कुठे ओढ्याचा उतार, कुठे नुसता खोलगट चौक. तिथे पाणी किती फुटांना येतं हे त्याच पद्धतीने काढा. घराचा आकडा ५२ असला तरी रस्ता ४८ लाच बंद होतो, असं बऱ्याच ठिकाणी आहे. घर कोरडं आहे म्हणून लोक निवांत बसतात आणि बाहेर बघतात तेव्हा वाट गेलेली असते. निघायचा निर्णय रस्त्याच्या आकड्यावर घ्या.

फुटांचा हिशोब तासांत

जाहीर होणारे दोन आकडे वेळेसकट लिहून ठेवा. समजा सकाळी ६ ला ४१ फूट ३ इंच होतं आणि दुपारी १२ ला ४३ फूट झालं. म्हणजे सहा तासांत २१ इंच, तासाला साडेतीन इंच. रस्ता ४८ ला बंद होणार असेल तर अजून ५ फूट, म्हणजे ६० इंच बाकी. साठ भागिले साडेतीन म्हणजे जेमतेम सतरा तास. दुपारी १२ पासून सतरा तास म्हणजे पहाटेचे ५. हिशोब रात्रीत किंवा पहाटे पडला की सरळ आदल्या दिवशी उजेडात निघायचं. अंधारात, पावसात, म्हाताऱ्या माणसांना आणि लहान मुलांना घेऊन गुडघाभर पाण्यातून निघणं हा शेवटचा उपाय झाला.

चढण्याचा वेग मात्र कायम राहत नाही. तो बदलणार का हे तीन गोष्टींवरून कळतं: नदीची पातळी, धरणातला विसर्ग आणि वरच्या भागातला पाऊस. कृष्णेसाठी महाबळेश्वर, कोयनानगर, नवजा इथला पाऊस बघा, पंचगंगेसाठी गगनबावडा आणि राधानगरीचा. कोयनेची साठवण क्षमता १०५.२५ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट आहे; तिथून सोडलेलं पाणी सांगलीत जाणवायला साधारण दिवस-दीड दिवस जातो, त्यामुळे आजचा विसर्ग म्हणजे उद्या-परवाची पातळी. राधानगरीचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. धरण भरलं की ते आपोआप उघडतात आणि एकेका दरवाजातून १४२८ क्युसेक (सेकंदाला तितके घनफूट) पाणी भोगावतीत येतं. पण दरवाजे बंद आहेत म्हणून निर्धास्तही राहू नका. धरणांच्या खालच्या भागात पडलेला पाऊस कुठेच अडत नाही, तो थेट नदीत येतो. हवामान खात्याच्या भाषेत २४ तासांत २०४.४ मिलिमीटरच्या वर पाऊस म्हणजे अत्यंत मुसळधार. घाटमाथ्यावर असा पाऊस सलग दोन दिवस झाला तर दरवाज्यांची बातमी येण्याआधीच आवराआवरीला लागा.

आता एका कागदावर तीन ओळी लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. रस्त्याच्या आकड्याच्या ७ फूट खाली: सामान वर चढवायला सुरुवात, गाडीत इंधन भरून ती उंचावर. ४ फूट खाली: म्हातारी माणसं, आजारी, गरोदर बाई, लहान मुलं आणि जनावरं बाहेर. २ फूट खाली: मेन स्विच बंद, कुलूप, सगळे बाहेर. "बघू, अजून एक फूट चढू दे" याला चौथी ओळ ठेवायची नाही.

पिशवी

घरटी एक पाठीवरची पिशवी, दाराजवळ खुंटीला. चार माणसांना तीन दिवस पुरेल एवढं त्यात आणि तिच्याबरोबर असावं. पिण्याचं पाणी माणशी दिवसाला ३ लिटर, म्हणजे ३६ लिटर. ते पिशवीत मावत नाही, म्हणून २० लिटरचे दोन जार गाडीत किंवा आधीच नातेवाइकांकडे. खायला शिजवावं न लागणारं: भडंग, शेंगदाणे, गूळ, राजगिऱ्याचे लाडू, कडक भाकरी, दूध पावडर. बिस्किटांवर तीन दिवस काढता येतात असं वाटतं, पण मधुमेही माणसाला आणि लहान मुलांना ते सोसत नाही.

औषधं किमान पंधरा दिवसांची, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची झेरॉक्स सोबत. नुसता गोळ्यांचा पत्ता दाखवला तर निवारा केंद्रातल्या डॉक्टरांना मात्रा कळत नाही. इन्सुलिन घेणारा कुणी असेल तर एका मातीच्या मडक्यात दुसरं छोटं मडकं ठेवून मधल्या जागेत ओली वाळू भरा आणि शिशी आतल्या मडक्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. वीज नसताना हे मडकं फ्रीजइतकं गार नसतं, पण शिशी उन्हा-उकाड्यापासून वाचते. बर्फाला चिकटून ठेवलेलं इन्सुलिन मात्र गोठून वाया जातं.

बाकी गोष्टी भराभर: बॅटरी आणि जादा सेल, भरलेली पॉवर बँक, शिट्टी, ३० फूट नायलॉनची दोरी, सॅनिटरी पॅड, क्लोरिनच्या गोळ्या, छोटा रेडिओ आणि दोन-तीन हजार रुपये सुट्ट्या नोटांत. वीज आणि टॉवर गेले की क्यूआर कोडवर भाजी मिळत नाही. मेणबत्ती नको, गर्दीच्या खोलीत आणि गॅसच्या वासात ती घातक.

कागदपत्रांत आधार, रेशन कार्ड, पासबुक, सातबारा आणि आठ-अ, घरपट्टीची पावती, विमा पॉलिसी, गाडीचे कागद, मुलांचे दाखले. झिप पिशवीत घाला, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, आणि तोंड उलट्या दिशांना. डिजिलॉकरवर कागद असावेतच, पण त्याला नेटवर्क लागतं. सगळ्यांचे फोटो काढून परगावच्या एका नातेवाइकाला पाठवून ठेवा. कुटुंबातली माणसं चुकामूक होऊन पांगली तर सगळ्यांनी फोन करायचा नंबरही त्याच नातेवाइकाचा, कारण पूर आलेल्या गावात एकमेकांना फोन लागत नाही आणि बाहेर लागतो, असं अनेकदा होतं. तो नंबर मोबाइलमध्ये नव्हे, मुलांच्या खिशात कागदावर.

घर सोडण्याआधी

पाणी आधी दारातून येतं हा गैरसमज आहे. बहुतेक घरांत ते संडास आणि न्हाणीतून उलटं येतं, तेही मैल्यासकट. संडासाच्या भांड्यात आणि न्हाणीच्या जाळीवर वाळूने अर्धी भरलेली जाड प्लॅस्टिकची पिशवी दाबून बसवा. पोती भरतानाही तीच चूक होते: गच्च भरलेलं पोतं दगडासारखं राहतं आणि फटी पडतात. अर्धं-पाऊण भरा, तोंड दुमडून खाली घाला, विटांसारखी सांधेमोड करत रचा. याने फूटभर पाणी अडतं. तीन-चार फूट पाणी येणार असेल तर घर बंदिस्त करायच्या भानगडीत पडू नका. बाहेर पाणी, आत कोरडं, अशा वेळी त्या दाबाने वीटकामाची भिंत आत कोसळू शकते. त्यापेक्षा सामान वर आणि पाण्याला वाट.

गॅसच्या टाकीबद्दल एक गोष्ट फार लोकांना माहीत नसते. भरलेली घरगुती टाकीसुद्धा तरंगते. गॅस १४.२ किलो आणि रिकाम्या टाकीचं वजन साधारण १५-१६ किलो, म्हणजे एकूण ३० किलोच्या आसपास. पण तिच्या आतच ३३ लिटर पाणी मावतं, तेव्हा ती बाहेर जितकं पाणी सारते त्याचं वजन तिच्यापेक्षा जास्त भरतं. मग ती रबरी नळी आणि रेग्युलेटर हिसडून मोकळी होते आणि गळायला लागते. रेग्युलेटर बंद करून काढा, वर टोपी लावा, टाकी माडीवर न्या. ते जमत नसेल तर साखळीने खिडकीच्या गजाला उभी बांधा. गळतीसाठी १९०६ हा नंबर आहे.

हेच प्लॅस्टिकच्या बॅरलचं आणि पाण्याच्या रिकाम्या टाकीचं. गच्चीवरची टाकी भरून ठेवा. भरलेली हलत नाही आणि परत आल्यावर तेच पाणी कामाला येतं. जमिनीखालची टाकीही भरलेलीच असू द्या. रिकामी असेल तर भोवतालच्या चिखलाच्या दाबाने ती वर उचलली जाते किंवा तडकते.

विजेचं काम एकाच क्रमाने: आधी इन्व्हर्टर बंद करून बॅटरीच्या वायरी काढा, मग मोटारीचा स्टार्टर, शेवटी मेन स्विच. महावितरणने लाइन तोडली म्हणून इन्व्हर्टर विसरला जातो आणि बंद समजलेल्या घरात पाण्यात करंट उतरतो. तुम्ही पाण्यात उभे असाल, हात ओले असतील, तर मेन स्विचला हात लावायची वेळ गेलेली आहे. बाहेर पडा आणि १९१२ ला कळवा. फ्रीज रिकामा करून दार दोरीने बांधा. तोही तरंगतो आणि आडवा होऊन दार अडवतो, मग परत आल्यावर घरात शिरता येत नाही. घरातल्या प्रत्येक खोलीचा, मीटरचा, फ्रीज-मोटारीच्या नंबरपट्टीचा फोटो काढा. हे फोटो पंचनाम्यात उपयोगी पडतात.

जनावरं

दावणीला बांधलेलं जनावर बुडतं, मोकळं असेल तर पोहतं. म्हैस तर चांगलीच पोहते. न्यायला जमत नसेल तर किमान दावं कापा आणि गोठ्याचं दार उघडं ठेवून निघा.

पण वेळेत न्यायचंच असं धरून तयारी करा. दुभत्या जनावराला दिवसाला ५० ते ८० लिटर पाणी आणि ओल्या चाऱ्याशिवाय ६ ते ८ किलो वाळली वैरण लागते. चार जनावरं, पाच दिवस, म्हणजे सुमारे दीडशे किलो कडबा. तो गोठ्यात नव्हे, जिथे जनावरं नेणार तिथे आधी पोहोचला पाहिजे. मे-जूनमध्ये घटसर्प आणि फऱ्याची लस, कानातला बिल्ला जागेवर आहे ना याची खात्री, आणि बिल्ल्यासकट प्रत्येक जनावराचा फोटो. मेलेल्या जनावराची भरपाई मागताना विल्हेवाट लावण्याआधी पंचनामा आणि पशुवैद्यकाचा दाखला लागतो.

छावणीत एक धोका चांगुलपणातून येतो. मदत म्हणून आलेला शिळा भात, चपात्या, पाव जनावरांपुढे टाकले जातात. अचानक एवढं पिठूळ खाणं पोटात आंबतं आणि एखाद-दोन दिवसांत धडधाकट गाय मरते. जनावरांना फक्त वैरण, वाढं आणि नेहमीचं खाद्य, हे छावणीच्या दारावर लिहून ठेवा.

गल्लीची वही

घरातली तयारी एकट्याने होते, पण अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीला बाहेर काढायला चार माणसं लागतात. सांगलीत मंडळं आहेत, कोल्हापुरात तालमी आहेत. पोरं, भोंगा, ट्रॅक्टर, वर्गणीचा हिशोब असं सगळं त्यांच्याकडे तयार असतं. नवी समिती स्थापून तिचा फलक लावण्यापेक्षा त्यांच्याच हातात एक वही द्या.

चाळीस-पन्नास घरांमागे एक वही पुरते. प्रत्येक घराला एक ओळ: माणसं किती, घराचा आकडा, कुणाला उचलून न्यावं लागेल, कुणाला डायलिसिस किंवा ऑक्सिजन लागतो, नववा महिना कुणाचा, पुण्या-मुंबईला असलेल्यांच्या कुलपाची किल्ली कुणाकडे, पोहता कुणाला येतं, ट्रॅक्टर कुणाचा. वही जूनच्या पहिल्या आठवड्यात घरोघर जाऊन भरा. व्हॉट्सॲपवर यादी मागवली तर ज्यांना खरी गरज आहे तेच त्यात नसतात. एकटी राहणारी आजी ग्रुपवर नसते, आणि भाड्याच्या खोलीतले परप्रांतीय कामगारही नसतात.

डायलिसिसच्या पेशंटला निवारा केंद्रात नेऊन उपयोग नाही. आठवड्यातून दोन-तीनदा दवाखान्यात जावं लागतं, म्हणून त्याला पुराच्या पलीकडच्या बाजूच्या नव्हे, दवाखान्याच्याच बाजूच्या नातेवाइकाकडे, इशारा पातळीलाच हलवा. उचलून न्यायची माणसं असतील तर प्लॅस्टिकची हातांची खुर्ची आणि दोन बांबू बांधून डोली करा आणि एकदा तरी कुणाला बसवून जिना उतरून बघा. वळणावर बांबू अडकतात, हे कोरड्या दिवशीच कळलेलं बरं.

निवाऱ्याची शाळा आधी बघून या. माणशी साडेतीन चौरस मीटर जागा धरतात. २० बाय २५ फुटांच्या वर्गात म्हणजे तेरा-चौदा माणसं. प्रत्यक्षात चाळीस भरली जातात आणि मग तिसऱ्या दिवशी जुलाब, खोकला, भांडणं सुरू होतात. संडास वीस माणसांमागे एक हवा, सुरुवातीच्या धांदलीत पन्नासामागे एकाच्या खाली तरी जाऊ नये. बायकांच्या संडासाकडे जाणाऱ्या वाटेवर उजेड नसेल तर त्या दिवसभर पाणीच पीत नाहीत. एक बल्ब आणि आतून कडी, एवढ्याने हा प्रश्न सुटतो.

भोंग्यावर काय बोलायचं तेही ठरवून ठेवा. "पाणी वाढतंय, सावध राहा" याला अर्थ नाही. "आज दुपारी १२ ला आयर्विन पुलाजवळ ४३ फूट. तासाला साडेतीन इंच वाढ. सखल बाजूच्या घरांनी ५ च्या आत शाळेत यावं. पुढचा निरोप ३ ला." तारीख, वेळ, जागा नसलेला कोणताही मेसेज पुढे पाठवायचा नाही, हा गल्लीचा नियम करा. धरण फुटल्याची अफवा प्रत्येक पुरात उठते. खात्री करायला जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ आहे. अडकलात तर ११२, रुग्णवाहिकेला १०८.

गावात बोट असेल तर तिच्यासाठी एकच माणूस जबाबदार ठेवा, आणि त्याचा शब्द सरपंचानेही मोडू नये. पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला ऑगस्ट २०१९ मध्ये बोट उलटून अनेकांचे जीव गेले, तेव्हा बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. बोटीवर क्षमता रंगवलेली असते. वाहत्या पाण्यात त्याच्या दोन-तृतीयांशच माणसं घ्या. जितकी लाइफ जॅकेट तितकीच माणसं. सगळ्यांनी तळाशी बसायचं, किनारा आला म्हणून एका बाजूला उठायचं नाही. बोटीच्या इंजिनाच्या पंख्यात साडी, दोरी, उसाचा पाला अडकतो, म्हणून वल्ही सोबत हवीतच. पाण्याखाली तारा आणि कुंपणं असतात, तेव्हा ज्याला रस्ता पाठ आहे असा गावकरी पुढे बसवा.

उंचावर राहणाऱ्यांनी

पूर आपल्याकडे येत नाही म्हणून तयारी नको, असं समजणाऱ्यांना कोल्हापूरने दोनदा उत्तर दिलं आहे. शिंगणापूर आणि बालिंगा इथली उपसा केंद्रं पाण्यात गेली की टेकडीवरच्या घराच्या नळालाही पाणी येत नाही. पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ बंद झाला की पेट्रोल, दूध, भाजी, औषधं अडकतात. त्यामुळे इशारा पातळीला सगळी पिंपं भरा, माणशी १५ लिटर वापराचं पाणी धरून आठवड्याचं. गाडीत इंधन, घरात महिन्याची औषधं. आणि एक खोली मोकळी ठेवा, कुणीतरी येणारच आहे.

परत आल्यावर

घाई इथेच नडते. आधी बाहेरून भिंती बघा. तिरपी भेग, फुगलेली भिंत, खचलेला कोपरा दिसला तर आत जाऊ नका. दारं-खिडक्या उघडून अर्धा तास थांबा, काडी किंवा स्विच लावू नका. हातात काठी, पायात गमबूट. घोणस, नाग, मण्यार कोरडी जागा शोधत माळ्यावर आणि गाद्यांत शिरलेले असतात. चावलाच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं काही नको. अवयव न हलवता थेट दवाखाना. पायाला जखम असेल तर चिखलात उतरूच नका, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा ताप) तिथूनच होतो. पुराच्या पाण्यात चालावं लागलं असेल तर प्रतिबंधक गोळीबद्दल आरोग्य केंद्रात विचारा.

साफसफाईआधी फोटो, भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेसकट. गाळ ओला असतानाच ओढा. वाळला की सिमेंटसारखा होतो. ब्लीचिंग पावडर आणि संडास धुवायचं ॲसिड कधीही एकत्र करू नका, विषारी वायू निघतो. गाडी बुडाली असेल तर किल्ली फिरवून बघायचा मोह टाळा. इंजिनात पाणी असताना सुरू केली तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि इंजिनाचं वेगळं संरक्षण घेतलेलं नसेल तर हा खर्च विमा कंपनी सहसा नाकारते. गाडी ओढून न्या. घराच्या विम्यासाठी 'भारत गृह रक्षा' ही सगळ्या कंपन्यांकडे असणारी प्रमाणित पॉलिसी आहे आणि तिच्यात पूर धरलेला आहे. ती पावसाआधी घ्यायची, पाणी चढताना नव्हे.

संडासाची टाकी लगेच उपसू नका. जमीन पाण्याने भरलेली असताना रिकामी केलेली टाकी आत ढासळते; आठ-दहा दिवस थांबा.

विहिरीचं पाणी वापरण्याआधी गढूळ पाणी जमेल तेवढं उपसा, कारण टाकलेलं क्लोरिन गाळच खाऊन टाकतो. पंपाचं डिझेल इंजिन विहिरीत उतरवू नका. धूर आत साचतो आणि खाली उतरलेला माणूस बेशुद्ध पडतो. मग हिशोब: व्यास मीटरमध्ये, त्याचा वर्ग, गुणिले पाण्याची खोली, गुणिले ७८५, म्हणजे लिटर. ३ मीटर व्यास आणि ४ मीटर पाणी असेल तर २८,२६० लिटर. हजार लिटरला ५ ग्रॅम ताजी टीसीएल (ब्लीचिंग पावडर), म्हणजे सुमारे १४० ग्रॅम. पावडर थेट टाकू नका. बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरची निवळ विहिरीत ओतून पोहऱ्याने ढवळा. तासाभराने ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरिन उरलं आहे का याची तपासणी) करा. पिवळा रंग आला तर पाणी वापरायला हरकत नाही, नाही आला तर पुन्हा डोस. उघडं राहिलेलं टीसीएलचं पोतं महिन्याभरात निम्मं निकामी होतं, तेव्हा ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यातलं मागच्या वर्षीचं पोतं आणून हिशोबाने टाकलं तरी रंग येणार नाही.

पंचनाम्याला तलाठी, ग्रामसेवक येतील तेव्हा घरात कुणीतरी हजर हवं. शिक्का झालेल्या पंचनाम्याचा फोटो काढून घ्या आणि बँक खातं आधारशी जोडलेलं आहे का ते त्याच आठवड्यात तपासा, कारण यादीत नाव असूनही पैसे परत जातात ते बहुतेक वेळा याच कारणाने. गिलावा आतून वाळायला दोन-तीन महिने लागतात. दिवाळी आली म्हणून रंग लावलात तर फाल्गुनापर्यंत तो पोपडे धरून खाली येतो.